खळ्यावरचं लग्न

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न बावड्याच्या एका चांगल्या घरात ठरलं होतं. सुपारी फुटली होती. तुळशीचं लग्न झालं की पहिला चांगला दिवस धरायचा, एवढंच बाकी होतं. ते लग्न झालं नाही आणि त्याला एक बोलपट कारण झाला. ही हकीकत आमच्या भागात अजून सांगतात आणि सांगणारा प्रत्येक जण पदरचं काही घालतो. मी जे पाहिलं तेवढंच लिहितो. जे दुसऱ्याकडून ऐकलं ते तसं म्हणून लिहितो.

आमची वस्ती सणसरच्या अलीकडे, कालव्याच्या फाट्यावर. अकरा एकर रान. चार एकर ऊस, दोन एकर लिंबोणी, उरलेल्यात ज्वारी आणि बारामतीच्या बाजाराला जाणारी भाजी. घरात वडील, म्हणजे आबा, मी, माझी बायको, आमची दोन मुलं आणि ही बहीण. आई बरीच वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं बहिणीनं केलं, म्हणून तिचं लग्न लांबलं. आई गेली तेव्हा बहीण एकोणीस वर्षांची होती. त्या काळी एवढी मोठी मुलगी घरात असली की येणाराजाणारा विचारायचा. बावड्याच्या लोकांनी वय विचारलं, आबांनी खरं सांगितलं, आणि तरी त्यांनी होय म्हटलं, याचं आबांना फार अप्रूप होतं.

मुलगाही बरा होता. सुपारी फुटल्यावर एकदा तो लिंबोणीची रोपं बघायचं निमित्त काढून आला. घोंगडीवर बसला, चहा प्याला आणि रोपांचं नावही न काढता निघून गेला. बहीण आत माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, रोपं न्यायला आलता म्हनं. गाडी न्हाय, पाटी न्हाय, डोक्याला पटका तेवढा नवा!" दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे काही लोक म्हणाले की त्या स्थळावर तिचं मनच नव्हतं.

दसऱ्यानंतर पुण्याची एक कंपनी बोलपट काढायला आली. बारामतीपर्यंत छोट्या रुळांच्या आगगाडीनं आणि तिथून दोन लॉऱ्यांत. उतरली कालव्याच्या बंगल्यात. आमचं खळं त्यांच्या डायरेक्टरला आवडलं, कारण ते उंचावर होतं, भोवती झाडं होती आणि मागे आभाळ मोकळं होतं. ज्वारी अजून शेतात उभी, खळं रिकामंच होतं. आबांनी वापरू दिलं.

त्या कंपनीतला मुख्य नट मोठ्या नावाचा. बारामतीत तंबूत लागलेल्या एका बोलपटात त्यानं साधूचं काम केलं होतं आणि त्याचा आवाज ऐकून लोकांनी पडद्यासमोर हात जोडले होते. आबाही त्यांत होते. तो लॉरीतून उतरला तेव्हा वस्तीवरच्या म्हाताऱ्या त्याच्या पायांवर पडल्या. तोंडातली विडी न काढता त्यानं हात वर करून आशीर्वाद दिला. त्याच्यामागे खलनायकाचं काम करणारा एक जाडजूड नट उभा होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

पुढे आठवडाभर आम्ही त्यांचं वागणं पाहिलं. सकाळी नऊला बोलावलेली माणसं जड पागोटी घालून उन्हात बसायची आणि हा मुख्य नट बंगल्यात झोपलेला असायचा. आला की तोंडाला वास. बाटल्या रिकाम्या झाल्या की कालव्यात फेकायच्या आणि दगडांनी फोडायच्या, नेम धरून. आमच्या शेजाऱ्याची म्हैस पाण्यात उतरली आणि पाय कापून घेऊन वर आली. एकदा रंग लावणाऱ्या माणसाच्या हातून मिशी वाकडी बसली, तर सगळ्यांदेखत त्याच्या कानशिलात दिली. आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच गळ्यात हात घालून गाणं म्हटलं. ते गाणं ऐकायला वस्ती जमली, सकाळची थप्पड कुणाच्या लक्षात राहिली नाही. डायरेक्टर सज्जन होता. तो फक्त घड्याळ बघायचा आणि आभाळ बघायचा.

शेवटच्या दिवशी लग्नाचा देखावा घ्यायचा होता. मांडव आमच्या खळ्यावर, आंब्याचे डहाळे आमच्या बांधावरचे, वाजंत्री आमच्या गावचे. कंपनी अक्षता आणायला विसरली होती म्हणून बायांनी घरचे तांदूळ कुंकवात घोळून आणले. दुपारी असं झालं, की मुख्य नटानं थट्टेत त्यांच्या नटीची रंगाची पेटी कालव्यात भिरकावली. तिनं जेवणाचं ताट उधळलं, बंगल्याचं दार आतून लावून घेतलं आणि आज मी येत नाही म्हणून कळवलं. उजेड दोन-अडीच तासांचा उरला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना इंदापूरला भीमेच्या काठी जायचं होतं.

डायरेक्टर आबांपुढे येऊन उभा राहिला. "आबासाहेब, नवरी फक्त पाठमोरी दाखवायची आहे. तोंड नंतर बाईंचं घेऊ. तुमची मुलगी अगदी तेवढ्याच उंचीची आहे."

आबा म्हणाले, "तिचं लगीन ठरलंया."

"म्हणूनच विचारतो. लग्न ठरलेली मुलगी, तिला उभं कसं राहायचं ते माहीत."

आबांनी एकदम होय म्हटलं नाही. त्यांनी गावच्या जोशीबुवांना बाजूला घेतलं. कंपनीचा भट झालेला नट तापानं पडला होता, म्हणून मंगलाष्टकं म्हणायला जोशीबुवांनाच बोलावलं होतं. जोशीबुवा म्हणाले, "तुळशीचं लग्न झाल्याशिवाय मुहूर्तच नाही. मुहूर्त नाही तर लग्न कसलं? आणि मी शेवटचं मंगलाष्टक म्हणणार नाही. तिथंच थांबेन."

मग आबांनी तीन अटी घातल्या. मुलीचा पदर तोंडावरून निघायचा नाही. तिच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. आणि मधला अंतरपाट शेवटपर्यंत धरलेला राहील. अंतरपाट आहे तोवर आमच्यात लग्न नाही, हे आमच्याकडचं लहान मूलही सांगेल. मला त्या अटी पुरेशा वाटल्या. डायरेक्टरनं तिन्ही मान्य केल्या आणि नवरदेव होणाऱ्या त्या मुख्य नटाला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा म्हणून दाखवल्या. नट आबांना वाकून म्हणाला, "तुमचा शब्द मोडणार नाही."

आबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. ज्यानं साधूचं काम एवढं चांगलं केलं, तो साध्या तीन गोष्टी पाळणार नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या वस्तीवर कुणाच्याच आलं नसतं.

बहिणीला हिरवं लुगडं दिलं, मुंडावळ्या बांधल्या, पदर पुढे ओढला. ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "वैनी, खऱ्या टायमाला पाय दुखायचं न्हाईत आता. सराव झाला." वाटेवर आवाजाची मोटार उभी होती. तिथून तार येऊन मांडवाच्या बांबूला आवाज पकडणारी एक डबी टांगली होती. कॅमेऱ्यावर, त्याची घरघर दबावी म्हणून, जाड पांघरूण. दोघांनी अंतरपाट धरला. माणसांना मागं रेटायला मला दोरीपाशी उभं केलं होतं, मी बहिणीपासून बारा-पंधरा हातांवर होतो.

जोशीबुवांनी सुरुवात केली. प्रत्येक 'सावधान'ला अक्षता पडत होत्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. शेवटचं एक राहिलं तेव्हा जोशीबुवा थांबले. वाजंत्री थांबलेलेच होते. आणि मग त्या नटानं स्वतः शेवटचं मंगलाष्टक सुरू केलं.

त्याचा आवाज काय होता हे नाकारून चालणार नाही. आयुष्यात मी पुष्कळ लग्नं पाहिली, तसं मंगलाष्टक पुन्हा ऐकलं नाही. पुढं घुसणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. 'सावधान' त्यानं लांबवलं आणि ते संपताच सगळ्या गावानं हातातल्या उरलेल्या अक्षता टाकल्या, सनई आणि हलगी एकदम उठली. सांगायला कुणी लागलं नाही. हात आपोआप वर गेले. त्याच वेळी त्यानं अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातांतून हिसकून घेतला, बहिणीच्या गळ्यात हार टाकला, तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं तिचा पदर वर करून मोठ्यानं म्हणाला, "वा! ही तर आमच्या बाईंपेक्षा बरी आहे!"

कंपनीची माणसं हसली. खलनायकाचं काम करणारा टाळ्या पिटत होता. आमची माणसं, खरं तर, पहिल्यांदा हसलीच. मग कुणीतरी आबांकडे पाहिलं आणि एकेकाचं हसू थांबत गेलं. मी दोरीखालून गेलो. तोवर बहिणीनं हात सोडवून घेतला होता. तिनं हार काढला नाही. काढायचा की नाही हे तिला कळत नसावं. ती तशीच घरात गेली.

जोशीबुवा पाटावर बसून राहिले होते. डायरेक्टर आबांना म्हणत होता, "माफ करा, फार झालं हे. पण उजेड गेलाय, पुन्हा घेता येणार नाही." सकाळी लॉऱ्या इंदापूरला गेल्या.

बाजाराच्या दिवशी बावड्याचे पाहुणे, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील, आले. घोड्यावरून आले आणि घोडं बांधलं नाही, धरून उभे राहिले. आबांनी बसायला सांगितलं.

"बसतो की. पर आदी मला सांगा पाव्हणं, लोक बोलत्यात ते खरं हाय का?"

"खेळ व्हता त्यो. बोलपटातलं लगीन."

"भट खोटा व्हता?"

"न्हाय. आपलंच जोशीबुवा."

"अक्षता?"

"घरच्याच."

"वाजंत्री?"

"गावचंच."

"मग खोटं काय व्हतं तेवढं सांगा, म्हंजी मला घरी सांगाय बरं."

"नवरा खोटा व्हता," मी म्हणालो.

"त्येनंच तर हार घातला, बाळा."

जोशीबुवांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की होम झाला नाही, कन्यादान झालं नाही, सप्तपदी झाली नाही, शास्त्राप्रमाणे हे लग्न नाही. पाहुणे म्हणाले, "बुवा, आमच्यात सप्तपदी कोन बघतंय? अक्षता पडल्या की मानसं पंगतीला पळत्यात."

"पण मुहूर्तच नव्हता हो!"

"म्हंजी लगीन झालं न्हाय असं कुठं हुतंय? वंगाळ वेळंला झालं, एवढंच की."

ते वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. त्यांची अडचण त्यांनी सरळ सांगितली. पोरीवर एकदा अक्षता पडल्या, तर दुसऱ्यांदा तिचं लग्न लागत नाही, पाट लागतो, विधवेचा लागतो तसा. आणि पाट लावायचा तर त्यांचा मुलगा पडला बिनलग्नाचा. आमच्याकडे बिनलग्नाच्या पोरानं पाट लावायचा म्हणजे आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. "माझा थोरला पोरगा," ते म्हणाले, "त्येला बांधावर रुईपुढं मुंडावळ्या बांधून उभा करू? सांगा तुमी. तुमी केलं असतं?"

आबा म्हणाले, "न्हाय."

शेवटी भावकीच्या चार माणसांनी बसून एक वाट काढली. कुणीतरी म्हणालं, नटाला आणून पंचांसमोर काडी मोडायला लावा, म्हणजे सोडचिठ्ठी झाली. आबा म्हणाले, "काडी मोडायला आदी लगीन लागाय पायजे. त्ये आपुन कबूल करायचं?" म्हणून ठरलं ते असं, की नटानं स्वतः देवळासमोर उभं राहून सांगावं: हा खेळ होता, मी हिला बायको मानलं नाही, ठरलेल्या अटी मी मोडल्या. त्याच्या तोंडचं एवढं ऐकलं तर बावड्याचे पाहुणे लग्नाला तयार होते. म्हणजे बहिणीचं सगळं त्या माणसाच्या एका वाक्यावर येऊन थांबलं.

आबा आणि मी इंदापूरला गेलो. भीमेच्या काठी बाभळींखाली त्यांचा डेरा होता. आम्ही सकाळी पोचलो. नट झोपलेला होता. आम्ही बसून राहिलो. त्या वेळी तो रंग लावणारा माणूस माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं सांगितलं की त्या दिवशी खलनायकवाल्यानं पैज घेतली होती. म्हाताऱ्याच्या तिन्ही अटी एका दमात मोडून दाखव म्हणून. मी विचारलं, पैज कशावर? तो म्हणाला, "कशावर म्हणजे? काही नाही. एका बाटलीवर."

उन्हं कलल्यावर नट बाहेर आला. भोवती इंदापूरची आणि आसपासच्या गावांची बघ्यांची गर्दी जमली होती. आबांना पाहिल्याबरोबर त्यानं दोन्ही हात पसरले. "या, या सासरेबुवा! आणि मुलगी? तिला माहेरीच ठेवायचं ठरवलंत वाटतं?"

बघे हसले. त्या गर्दीत बावड्याची माणसं होती, मी दोघांना तोंडानं ओळखत होतो.

आबांनी हात जोडले. "म्हाराज, येक वाक्य सांगायला चला. मोटारीनं जाऊ, मोटारीनं आनून सोडतो." आणि काय सांगायचं, का सांगायचं, ते सगळं त्यांनी उभ्यानं सांगितलं.

"अहो, मी रोज लग्नं करतो," नट म्हणाला. "मागच्या चित्रात तीन झाली. प्रत्येकीच्या गावाला जाऊन नाही म्हणत बसलो तर काम कधी करू?"

"बाकीच्या तुमच्यातल्या असतील. ही माजी लेक हाय."

तो पुढे आला, आबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, हे मी स्वतः पाहिलं. "आबा, चुकलो मी," तो म्हणाला. "सोमवारी येतो. देवळासमोर सांगतो. तुमच्या मुलीच्या पाया पडतो."

आबांनी पटका काढून डोळे पुसले. आम्ही निघालो तेव्हा रंगवाला वाटेपर्यंत आला. आबा पुढे होते. तो मला म्हणाला, "रविवारी सकाळी गाड्या पुण्याला निघणार आहेत. सामान बांधायला सांगितलंय. डोळ्यांत पाणी आणायला त्याला काही लागत नाही, हुकमी येतं."

मोटारीत मी ते आबांना सांगितलं. ते माझ्यावर चिडले. "येवढा मोठा मानूस येवढ्या लोकांत डोळ्यांत पानी आनून खोटं बोलंल? तुजं आपलं कायतरीच."

सोमवारी देवळासमोर जाजम टाकलं. पंच आले, बावड्याचे पाहुणे मुलासह आले, जोशीबुवा आले. बहिणीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. माझ्या बायकोनं आग्रह केला तेव्हा म्हणाली, "वैनी, त्यो आला की खाते." दुपारपर्यंत सगळे वाटेकडे बघत बसले. मग माणसं उसाच्या, पाण्याच्या गोष्टी करू लागली. मग एकेक जण जनावरांची वेळ झाली म्हणून उठला. पाहुणे शेवटपर्यंत बसले. जाताना ते आबांना म्हणाले, "एक साल जाऊ द्या. लोक इसरत्यात. मग बगू." मुलानंही होकाराची मान हलवली.

मी पुण्याला जाऊन आलो. कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, काय काम? मी काम सांगितलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, साहेब बाहेरगावी आहेत. आतून त्याच नटाचा गाण्याचा आवाज येत होता.

ते वर्ष आम्ही त्या 'मग बगू'वर काढलं. लोक खरंच विसरत चालले होते. उसाची लागण, पाण्याच्या पाळ्या, कुणाची भांडणं, यांत ते मागं पडलं. संक्रांतीला बावड्याहून तिळगूळ आला. बहिणीनं तो डब्यात ठेवला आणि मुलांना हात लावू दिला नाही.

दिवाळीच्या सुमाराला तो बोलपट बारामतीत तंबूत लागला. आमच्या भागातलं खळं, आमच्या भागातली माणसं, म्हणून सणसर, भवानीनगरची बाजू, इंदापूर, बावडा, सगळीकडून बैलगाड्या जुंपून लोक आले. मीही गेलो. मला वाटलं होतं, डायरेक्टरनं तो भाग काढून टाकला असेल. त्यानं काढला नव्हता. तो भाग सगळ्यांत चांगला उतरला होता, हे मलाही दिसलं. हिरवं लुगडं पडद्यावर काळं दिसत होतं, पण ती पाठ, ते किंचित डावीकडे झुकून उभं राहणं, ते मी अंधारात कुठेही ओळखलं असतं. त्याचा आवाज तंबूभर झाला. अक्षता पडल्या. अंतरपाट निघाला, हार पडला, आणि मग एकदम नटीचं तोंड आलं. तंबूतल्या लोकांनी शिट्ट्या घातल्या. माझ्या पुढच्या बाकावर कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "ही बाई न्हवं. ती सणसरकडची पोरगी. लगीन खरंच लागलं तितं."

दिवसाला तीन खेळ होते. ज्यांना कुणाला शंका होती त्यांना पुन्हा पाहता येत होतं.

बावड्याचा मुलगाही पाहून गेला, असं नंतर कळलं. पाहुणे या वेळी स्वतः आले नाहीत, एका नातलगाकडून निरोप आला. निरोप सभ्य होता. त्या उन्हाळ्यात मुलाचं लग्न माळशिरसकडे झालं. आबा त्यानंतर बारामतीला गेले नाहीत. भाजी मीच नेऊ लागलो. दोन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा मला विचारलं, "मी चवथी काय अट घालाय पायजे व्हती रं?"

पाटाची स्थळं आली. एक दौंडकडचा विधुर, दुसरा आमच्याच भावकीच्या ओळखीतला, तीन मुलांचा. बहिणीनं दोन्हींना नको म्हटलं. "तुमी म्हनता अक्षता पडल्या न्हाईत, तर पाट कशापायी? पडल्या म्हनता, तर मला नवरा हाय. दोन्ही कसं धरता, दादा?" भावकीनं याचं उत्तर न देताच चालवून घेतलं. नवरात्रात कुमारिका जेवायला बोलवत, त्यांत तिला कुणी बोलावीत नसे. हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलवत, तेव्हा बोलावणारी बाई आमच्या दारात येऊन माझ्या बायकोला सांगे आणि बहीण समोर असली तर चुलीकडे बघत उभी राही. बहीण हळूहळू बाया जमतात तिथं जाईनाशी झाली. सगळा दिवस लिंबोणीत असे. त्या बागेसारखी बाग आमच्या फाट्यावर दुसरी नव्हती.

लढाई सुरू व्हायच्या आधी एक-दोन वर्षं त्या नटाचं निधन झालं. दारूनं, असं लोक म्हणाले. वर्तमानपत्र बारामतीहून कुणीतरी आणलं. पहिल्या पानावर त्याचा साधूच्या वेषातला फोटो होता. मी ते वाचून घरात काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी भावकीतल्या पाच-सहा बाया आल्या. पुढे एक वयस्कर चुलती. त्या ओसरीवर बसल्या. मग चुलती माझ्या बायकोला म्हणाली, "पोरीला भाईर बलीव. बांगड्या उतराय पायजेत."

माझ्या बायकोनं आयुष्यात मोठ्या बायांना उलट उत्तर दिलं नव्हतं. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "सवाष्णीच्या पंगतीला तिला कंदी बलीवलं व्हतंत का? येक डाव तरी? आनि आता रांडाव कराय आलाय?"

"आमी काय आमच्या मनानं आलोय व्हय?" चुलती म्हणाली. "मानूस मेला की त्येचं करावं लागतं."

मी बोलायला पुढे झालो. तेवढ्यात बहीण लिंबोणीतून आली. हाताला माती होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, ओसरीवर चुलतीच्या पुढ्यात येऊन बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"बाय, नको करू असं," माझी बायको रडायला लागली.

"ऱ्हाऊ दे वैनी," बहीण म्हणाली. "लग्नकार्यात कुठं बसायचं ते तरी कळंल आता."

चुलतीनं दगड मागितला. तो मी दिला नाही, मुलांनाही देऊ दिला नाही. मग त्या बाईनं एकेक बांगडी हातानंच पिळून काढली. हिरव्या होत्या. कामानं बहिणीचे हात रुंद झाले होते, त्यामुळे वेळ लागला.

आता ती माझ्याकडेच असते. नात्यातल्या लग्नांना बोलावतात. ती जाते आणि विधवांच्या ओळीत, मागे, बसते. मंगलाष्टकं सुरू झाली की अक्षता तिच्यापर्यंत कुणी पोचवीत नाही, आणि तीही हात पुढे करीत नाही.